कानामागचे ठिपके

१

दुपारची भांडी विसळून झाली की महामाया सूप घेऊन ओट्यावर बसायची. यंदा तूर बरी झाली होती, आणि तूर बरी झाली की बाईच्या मनगटाला सुट्टी नसते. आत बाजेवर सासू जनकाबाई आडवी झालेली. नवरा संघर्ष बगीच्यात पाणी फिरवत असलेला. आणि मांडीशी गोधडीवर धम्मू, नऊ महिन्यांचा, नुकताच रांगायला लागलेला, हाताला लागेल ते तोंडात घालणारा.

सोनाळ्याहून डोंगराकडं निघालं की शेवटचा संत्र्याचा बगीचा यांचा. यांचा म्हणजे मालकाचा, राखायला हे. दोन खोल्या, ओटा, पुढं सारवलेलं अंगण. अंगणापलीकडं विहीर, विहिरीच्या बाजूनं गेलेला गुडघ्याएवढा उंच मातीचा बांध, म्हणजे धुरा, आणि धुऱ्यापलीकडं संत्र्याच्या रांगा, थेट जंगलाच्या तारेपर्यंत.

महामाया मुळातच धास्तावलेली. लेकरू झोपलं तर नाकाशी बोट धरून पाहायची आणि जागं असलं तर कशानं जागं झालं म्हणून पाहायची. जनकाबाई म्हणायची, "तुह्या काळजीनंच पोट्टं बारीक होऊन राह्यलं. दुधात उतरते ते."

त्या दुपारी धुऱ्यावर मांजर बसलं होतं. पाठमोरं. शेपूट अंगणाच्या अंगानं खाली सोडलेली.

"मने, ये," महामायेनं हाक मारली. मनी म्हणजे बगीच्यातलीच मांजर, कुणी पाळलेली नाही आणि कुणी हाकललेली नाही. सकाळच्या भाकरीचा तुकडा पदरात होता, तो तिनं भिरकावला. मांजर वळलं नाही.

तिनं सुपावर थाप मारली. मांजराला मान वळवायचा कंटाळा आला तरी ते एक कान मागं फिरवतंच. हे काही शाळेत शिकायची गोष्ट नव्हे. याचे कान हलले नाहीत. काळेभोर, ताठ, शेजारीशेजारी लावून ठेवल्यासारखे. आणि दोन्ही कानांच्या मागं एकेक पांढरा ठिपका, बोराच्या बीएवढा.

मनीच्या कानामागं असं काही होतं का, ते तिला आठवेना.

धम्मू हसला. आजी तोंड वेंगाडून दाखवायची तेव्हा तो जसा खुदखुदायचा, तसा. महामायेनं वळून आत पाहिलं. जनकाबाई भिंतीकडं तोंड करून घोरत होती.

तेवढ्यात तिच्या घोट्याला काहीतरी मऊ घासून गेलं. खाली मनी उभी होती, भाकरीच्या वासानं आलेली.

धुऱ्यावरचं अजून तिथंच होतं.

२

लेकराचं खाऊचं पाकीट आणायला ती अंगणवाडीत गेली, तेव्हा भिंतीवर नवा तक्ता लागला होता. तो लावायला आलेला वनखात्याचा गार्ड, गणेशभाऊ, अंगणवाडीच्या सारिकाताईंसमोर लहानग्यांच्या खुर्चीत अवघडून बसून चहा पीत होता.

तक्त्यावर एकाखाली एक मांजरकुळी मांडलेली. घरमांजर, रानमांजर, वाघाटी, बिबट, वाघ. प्रत्येकाचं चित्र समोरून एक आणि मागून एक. महामाया सातवीपर्यंत शिकलेली. जोडाक्षराशी जरा थांबायची, पण वाचायची. तिनं मागून काढलेली चित्रं तेवढी पाहिली.

"काय पाहून राह्यली वं एवढी?" सारिकाताई म्हणाल्या. "नवरा हरवला का तुहा त्यात?"

"माह्या धुऱ्यावर एक येऊन बसते. ते कोणतं, पाहून राह्यली."

गणेशभाऊनं कप खाली ठेवला. असं कुणी विचारलं की त्याला बरं वाटायचं. "शेपूट सांगा."

"आखूड. शेवटाले काळी कडी."

"पाय?"

"लांब. बसलेलं असलं तरी कळते, मनीहून लांब."

"झालं मंग. रानमांजर. कानाच्या टोकाले काळ्या केसाचा झुबका असंन पाहा."

"झुबका नाई. कानामागं पांढरा ठिपका आहे. दोन्ही कानांले."

"मंग रानमांजर नाही ते. त्याच्या कानामागं पांढरं नसते. घरमांजराच्याबी नसते." तो उठून तक्त्याजवळ आला. "पांढरं बिबट्याले असते, वाघाले असते. बिबट्याचं पिल्लू म्हणावं तं शेपूट आखूड कशी? अन अंगावर फुलं पाह्यजेत. फुलं आहेत का?"

"अंग मातकट. साधं."

"अजून एक असते ठिपकेवालं लहान मांजर, पण ते इकडं नाही. त्याचीबी शेपूट लांब." गणेशभाऊनं डोकं खाजवलं. "तोंड कसं आहे? गालावर पट्टे? डोळ्याची बाहुली गोल का उभी?"

"तोंड नाई पाह्यलं."

"तोंड पाह्यल्याबिगर ओळख पटते का, बाई? तुमी त मले पाठीवरून लगन जमवाले सांगून राह्यल्या."

सारिकाताई पदर तोंडाला लावून हसल्या. महामायेलाही हसू आलं. मग तिनं विचारलं, "ते पांढरं कायले असते हो, पण? मागून?"

"पिल्लासाठी," गणेशभाऊ म्हणाला. "गवत असते उंच. आई पुढं, पिल्लू मागं. पिल्लाले बाकी काई दिसत नाही, ते दोन ठिपके दिसतात. त्यांच्या मागं मागं चालते ते."

महामायेनं कडेवरच्या धम्मूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

३

तोंड पाहायचं तर पाहायचं. त्यात काय एवढं, असं ती स्वतःलाच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते धुऱ्यावर येऊन बसलं, तसं तिनं धम्मूला जनकाबाईच्या मांडीत दिलं. "नीट धरा आत्याबाई, मी आलीच." आणि विहिरीला वळसा घालून ती संत्र्यात शिरली. फांद्या फळांनी वाकलेल्या, वाकून चालावं लागे. पायाखाली ओली माती. दुसऱ्या रांगेतून तिसऱ्या रांगेत, तिथून पुढं, आणि मग धुऱ्याच्या पलीकडच्या अंगाला ती बाहेर आली.

समोर धुरा. धुऱ्यावर ते. त्याच्या पलीकडं अंगण, ओटा, ओट्यावर सासू आणि मांडीत धम्मू.

ते पाठमोरं होतं. शेपूट तिच्याकडं. दोन कान, दोन ठिपके.

आपण झाडीतून येईपर्यंत वळलं असंल, असं तिच्या मनात आलं. जनावरच ते, आवाज आला की वळणार. म्हणजे आता त्याचं तोंड घराकडं. जीवाला बरं वाटावं असं ते उत्तर नव्हतं, पण उत्तर होतं.

तिनं तिथूनच हाक दिली. "आत्याबाई, तोंड दिसते का तुमाले?"

"कोनाचं?"

"त्या मांजराचं."

जनकाबाईनं कपाळावर हात आडवा धरला. "पाठ करून बसलं ना वं ते माह्याकडं. तुह्याकडंच त पाहून राह्यलं."

महामाया उभी राहिली. आत्याबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू, हे खरं. डॉक्टरनं खामगावला बोलावलेलं, आणि त्या आज जातो उद्या जातो करत बसलेल्या, हेही खरं. दुरून त्यांना माणूस आणि खांब एक दिसतो.

"पाठ कशावरून म्हणता?"

"पांढरे ठिपके दिसून राह्यले ना. मले तेवढंच दिसते."

आणि धम्मू आजीच्या मांडीत उड्या मारत होता. दोन्ही हात धुऱ्याकडं. त्याचं हसणं विहिरीवरून इकडं येत होतं. कुणी त्याला तोंड करून दाखवत असावं तसं, थांबत थांबत, पुढचं काय करतंय त्याची वाट पाहत.

महामाया वळसा घालून आली नाही. धुरा ओलांडून, त्या जनावरापासून हातभर अंतरावरून, सरळ अंगणात आली. जाताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. नंतर तिला स्वतःचा राग आला तो त्याचाच.

४

आता धम्मूला खाली ठेवलं की तो आईकडं येत नसे.

आधी कसा, दाण्यांचं सूप उलथं करत, गोधडी ओढत, धापा टाकत मांडीत चढायचा. आता जमिनीला तळवे टेकले की ओट्याच्या कडेकडं. आई मध्ये बसली असली तरी तिला वळसा घालून. खोडाला मुंगी वळसा घालते तसा.

"पाय बांध त्याचा," जनकाबाई म्हणाली. "लुगड्याची पट्टी अन बाजेचा खूर. मी याच्या बापाले तसाच वाढवला. विहीर समोर होती तवा, आताबी आहे."

महामायेनं बाज दाराशी ओढली आणि मन घट्ट करून बांधला. मऊ जुनेराची पट्टी, सैल गाठ, आणि ती चुलीपाशी गेली. लेकरू बांधलं की रडतं, आणि रडलं की कळतं. ती रडण्याची वाट पाहत पीठ मळत राहिली.

आवाज आला नाही.

बाहेर येऊन पाहते तर पट्टी ताणलेली, तारेसारखी. धम्मू ओट्याच्या कडेपर्यंत गेलेला, पाऊल मागं ओढलं जाऊन लालबुंद झालेलं, काचलेलं. आणि तो पुढं रेटतच होता. हसत. धुऱ्यावर आज कुणी नव्हतं. ते अंगणाच्या मध्यावर बसलं होतं.

तिनं गाठ सोडली नाही, विळ्यानं पट्टी कापली.

संघर्ष आला तेव्हा ती पाऊल चोळत होती. त्यानं ऐकून घेतलं. अंगणाकडं पाहिलं. "ते का? मांजर आहे, माया."

"तोंड पाह्यलं का तुमी?"

"मांजराचं तोंड काय पाहाचं? पाह्यण्यासारखं असते का?" त्यानं ढेकूळ उचललं आणि मारलं. नेम चांगला होता. ढेकूळ त्या जनावराच्या कुशीवर आपटून फुटलं. माती अंगावर उडाली. कान हलले नाहीत.

संघर्षनं दुसरं ढेकूळ उचललं. मग ते हातातच ठेवलं, थोड्या वेळानं खाली टाकलं आणि धोतराला पुसावा तसा हात पँटीला पुसत तो म्हणाला, "तू काही दिवस मायेरी जाऊन ये. हिवऱ्याले. तुह्या आईपाशी मन रमंन."

"मन माह्यं इथं रमून राह्यलं."

"तसं नाई म्हणत मी. फळ उतरेपर्यंत. मी अन आई पाहून घेतो."

"काय पाहून घेता? तुमाले मांजर दिसते, त्यांले खांब दिसते." महामायेचा आवाज चढला नाही, पण जनकाबाई आतून उठून बसली. "मी गेली अन ते मागून आलं तं? बसमधून उतरल्यावर हिवऱ्याच्या रस्त्यावर बसलेलं दिसलं तं मी मंग कुठं जाऊ? इथं निदान माह्यं अंगण आहे. मी सारवलेलं आहे. ज्याले जाचं त्यानं जावं."

"भेव वाटते म्हणूनच म्हणतो ना, माया."

"वाटते. लय वाटते. म्हणून काय घर सोडू?"

जनकाबाईनं तंबाखू मळायला घेतली. दुसऱ्या दिवशी संघर्षनं तारेकडची फळं तोडायची सोडून घराजवळच्या झाडांखाली कॅरेट मांडले, आणि का मांडले ते तिनंही विचारलं नाही.

५

पोटच्या पोराला दोरी लावून थांबवायचं नाही, हे तिचं ठरलं होतं. कोंडूनही नाही. तो कुणाच्या तरी मागं जाणारच होता, वयच तसं. प्रश्न कुणाच्या, एवढाच.

सूर्य माथ्यावरून जरा कलला होता. महामायेनं सासूच्या उशाची चुन्याची डबी घेतली. डोक्याला बांधायचा काळा दुपट्टा जमिनीवर पसरला आणि बोटानं त्यावर दोन ठिपके ओढले. शेजारीशेजारी. बोराच्या बीहून मोठे, चांगले रुपयाएवढे. उगीच कमी कशाला.

"हे काय वं?" जनकाबाईनं विचारलं.

"पाहत राहा."

दुपट्टा घट्ट बांधून, ठिपके मागच्या अंगाला घेऊन, तिनं धम्मूला अंगणात खाली ठेवलं. ते समोर होतं, छपराच्या सावलीपलीकडं, पाठमोरं. आज पहिल्यांदा ते उठलं. लांब पायांवर सावकाश उभं राहिलं आणि विहिरीच्या दिशेनं निघालं. पावलं मोजून टाकत, मध्ये थांबत. मागचं लेकरू लहान आहे हे माहीत असल्यासारखं.

धम्मूचे तळवे मातीवर पडू लागले. थप, थप, थप.

महामाया पुढं झाली आणि त्या दोघांच्या मध्ये हात टेकून गुडघ्यांवर बसली. लेकराच्या नजरेला दिसायचं तर लेकराएवढं व्हावं लागतं. पदर खोचला, मान खाली घातली, आणि आपल्याच अंगणात, भर दुपारी, चार पायांवर, धम्मूला वळसा घालून ती घराकडं निघाली.

"येडी झाली का वं तू?" जनकाबाई ओट्यावरून म्हणाली. "कोनी पाह्यलं तं काय म्हणंन?"

"म्हणंन रांगून राह्यली म्हणून."

संत्र्याखालून संघर्ष उभा राहून पाहत होता. तिला त्याचे पाय तेवढे दिसले. लाज वाटायला हवी होती. तेवढी फुरसत नव्हती. गुडघ्याला खडे टोचत होते. कान मागं लावलेले.

मागं थप थप थांबलं होतं.

ती थांबली नाही. थांबलं तर मागचं थांबतं. तिनं डोकं जरा हलवलं, ठिपके डाव्या उजव्या बाजूला झुलावेत इतकं. घशातून तिनं स्वतःलाही न कळणारा एक आवाज काढला. धम्मू पोटात असताना ती एकटीच काढायची तो. शब्द नसलेला.

थप.

मग थप, थप. जवळ. मग तिच्या तळपायाला ओला, लाळेनं माखलेला हात लागला.

६

उंबऱ्यापाशी येऊन ती वळली आणि पोराला उचलून उराशी धरलं. मग समोर पाहिलं.

ते मागं आलं होतं. धम्मूच्या मागं, त्याच रेघेत, अंगण ओलांडून. आता ओट्याच्या पायरीशी बसलेलं, तिच्या पुढ्यात. इतक्या जवळ ते कधी आलं नव्हतं. चालत तिच्याकडंच आलं होतं, मग तोंड तिच्याकडं हवं. पण दोन काळे कान, दोन पांढरे ठिपके. पाठच.

"आत ये, दार लाव," आत पळालेली जनकाबाई म्हणाली. तिनं आता बाजेचा खूर धरला होता.

"नाई लावत."

"माय, लाव म्हणतो ना मी."

"दार लावलं तं ते बाहेर बसून राहीन, अन मी आत बसून राहीन ते गेलं का पाहत. नाई लावत." महामाया उंबऱ्यावर खाली बसली. "धम्मूचे बाबा, तुमी तिथंच राहा. येऊ नका."

संघर्ष विहिरीपाशी थांबला.

धम्मू तिच्या खांद्यावरून पायरीकडं वाकायला लागला. तिनं त्याची हनुवटी धरून आपल्याकडं वळवली आणि जीभ बाहेर काढली, डोळे वटारले, गाल फुगवले. तो बघत राहिला. ओठ थरथरले, रडतो की काय असं झालं. मग तो हसला, तिच्या तोंडावर, लाळ उडवत.

"हे पाह्य," ती पायरीकडं पाहून म्हणाली. "मले तोंड आहे. याले ते माहीत आहे. तुह्यं असंन तं दाखव, नाईतं चालता हो."

ते हललं नाही. तीही हलली नाही. बगीच्यात कुठं तरी पिकलेलं संत्रं गळून पडल्याचा आवाज आला. तिनं त्या दोन ठिपक्यांवर नजर लावली. जवळून ते केसांचे वाटत नव्हते. केसांना उजेड लागला की ते चमकतात, हे उजेड आत घेत होते. कडा ओलसर होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, जळजळ झाली. तरी तिनं डोळे उघडे ठेवले.

ठिपके मिटले. आणि उघडले.

सावकाश, दोन्ही एकदम, वरून खाली काळ्या कातडीनं झाकून.

जनकाबाई आत काहीतरी पुटपुटली. ती इतके दिवस पाठ पाहत नव्हती. सूप पाखडताना, पाऊल चोळताना, लेकराला पाजताना, धुऱ्यावरून ते सगळा वेळ तिच्याकडंच पाहत होतं.

तिनं धम्मूला पदराखाली घेतलं. उठली नाही. मान वळवली नाही.

"मंग पाह्य," ती म्हणाली. "पोटभर पाह्य."

पायरीवरच्या उजेडात ते दोन ठिपके तिच्यावर रोखलेले होते, आणि तिचे डोळे त्यांच्यावर. तिला सुटकेसारखं काहीच वाटत नव्हतं. एवढंच माहीत होतं की पापणी आधी त्याची पडली होती. तिची नाही.